आप्पांची फाइल आणि लंडनचा वकील

प्रश्न :

नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, ७१ वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. आई-आप्पा दोघंच सांगलीत राहतात. गेल्या वर्षी आप्पांना लंडनच्या एका सॉलिसिटरच्या नावाने ईमेल आला. आमच्याच आडनावाचे एक इंजिनिअर तिकडे अपघातात सपत्नीक वारले, मागे वारस नाही, बँकेत ४८ लाख पौंड पडून आहेत, आडनाव एकच असल्यामुळे तुम्ही दावा करू शकता, मात्र काम पूर्ण होईपर्यंत कुठे बोलू नका, असा मजकूर. आमचं आडनाव फारसं कुठे आढळत नाही, त्यामुळे आप्पांना ते पटलं. आधी फाइल नोंदणीचे १८,५०० भरले. मग वारस दाखल्याचे ६४,०००. मग ‘दहशतवादविरोधी प्रमाणपत्रा’चे १,४०,०००; त्यासाठी एफडी मोडली. आता रिझर्व्ह बँकेच्या नावाने ईमेल आलाय की पौंडांचे रुपये करून द्यायचे ३,७५,००० भरा. आप्पा आईच्या पाटल्या गहाण ठेवायला निघाले, तेव्हा आईने मला फोन केला.

मी त्यांना अशा फसवणुकीच्या बातम्या दाखवल्या तर ते भडकले. “बत्तीस वर्षं टेंडरं तपासली मी, कागद मला शिकवू नकोस,” म्हणाले. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद आहे. पुण्याचा दादा म्हणतो, मोबाइल काढून घेऊ आणि चार नातेवाइकांसमोर विषय काढू, म्हणजे डोळे उघडतील. एवढा हुशार माणूस असा कसा फसला? गेलेले पैसे मिळतील का? आणि त्यांना थांबवायचं कसं?

– एक लेक

उत्तर :

आधी पाटल्यांचं बघू, कारण आजच्या आज करण्यासारखं तेवढंच आहे. त्या पाटल्या आईंच्या आहेत. स्त्रीधनावर हक्क बाईचा एकटीचा, नवऱ्याचाही नाही. आईंनी फक्त “मी देणार नाही” एवढं म्हणावं. कारणं देऊ नयेत, वाद घालू नये, लंडनचा विषयसुद्धा काढू नये. कारण दिलं की आप्पा ते खोडून काढतील. साध्या नकाराला खोडायला काही नसतं. पाटल्या लॉकरमध्ये असतील आणि लॉकर दोघांच्या नावावर असेल, तर आईंनी त्या काढून तुमच्याकडे आणून ठेवाव्यात. उरलेल्या एफडी कोणाच्या नावावर आहेत, ‘दोघांपैकी कोणीही’ अशा आहेत का, तेही त्यांनी पासबुकं काढून पाहून घ्यावं.

आता तुमचा पहिला प्रश्न. ही फसवणूक आहे, यात शंका नको. पण ‘एवढा हुशार माणूस कसा फसला’ हे मला पटत नाही. माझ्या मते आप्पा त्या हुशारीमुळेच फसले. त्यांची उभी हयात ज्या खात्यात गेली तिथे पैसे आधी आणि कागद मागाहून हाच शिरस्ता. टेंडर भरायचं तर बयाणा रक्कम आधी. काम मिळालं तर सुरक्षा अनामत. नक्कल हवी, दाखला हवा, तर आधी चलन भरून या. एका टेबलावरून फाइल दुसऱ्या टेबलावर गेली की नवी त्रुटी निघते आणि त्रुटी निघाली की नवं शुल्क लागतं, हेही त्यांनी बत्तीस वर्षं पाहिलंय. लंडनच्या वकिलाने आप्पांकडून अनोळखी असं काही मागितलंच नाही. शिक्के, संदर्भ क्रमांक, ‘विषय’, ‘संदर्भ’, खाली सही. त्यांच्याच खात्याचा कारभार, फक्त इंग्रजीत. तुमच्या-माझ्यासारखीला तो ईमेल बघताच हसू आलं असतं, कारण आपल्याला सरकारी कागदाबद्दल इतका आदर नाही.

हसू येण्यावरून आठवलं. असे ईमेल इतके बावळट का असतात, हा प्रश्न अनेकांना पडतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले कॉर्मॅक हर्ले यांनी २०१२ साली त्यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की लाखो ईमेल पाठवायला खर्च जवळपास शून्य. खरा खर्च पुढचा, म्हणजे उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करण्याचा. अर्ध्यावर शहाणी होणारी माणसं भामट्यांना परवडत नाहीत. म्हणून पहिलाच ईमेल असा लिहायचा की संशयी माणसाने तो तिथेच फेकून द्यावा आणि उरेल तो बहुधा पैसे भरणाराच असावा. तेव्हा तुम्हाला जे ढळढळीत खोटं दिसतं ते तुमच्यासाठी लिहिलेलंच नाही. तुम्ही गळाव्यात अशीच त्याची रचना आहे.

आणि पहिल्या ईमेलपेक्षा महत्त्वाची आहे दुसरी फी. आकडे पुन्हा पाहा. १८,५०० भरताना आप्पांच्या डोळ्यांसमोर ४८ लाख पौंड होते. १,४०,००० भरताना डोळ्यांसमोर होते ते आधी गेलेले ८२,५००. आणि आता पाटल्या गहाण ठेवून ३,७५,००० भरायचे आहेत ते मुख्यतः २,२२,५०० वाया जाऊ नयेत म्हणून. पौंड केव्हाच मागे पडले. आज थांबायचं म्हणजे ते २,२२,५०० गेले हे आईंसमोर, तुमच्यासमोर, दादासमोर मान्य करायचं. न थांबण्यात निदान आशा तरी आहे. लोक याला हाव म्हणतात. असेलही पहिल्या दिवशी थोडी, कोणाला नसते? पण तिसऱ्या फीपर्यंत माणसाला खेचून नेणारी गोष्ट हाव नसते, लाज असते. ‘कुठे बोलू नका’ ही अटही त्यासाठीच घातलेली आहे. एकट्याने गिळलेली लाज माणसाला पुढचा चेक लिहायला लावते.

म्हणून दादाचा बेत मला मुळीच पसंत नाही. चार नातेवाइकांसमोर विषय निघाला तर आप्पांना तो वकील खरा ठरवावाच लागेल, आणि त्याला खरा ठरवायचा एकच मार्ग त्यांच्याकडे आहे, तो म्हणजे पुढची फी. मोबाइल काढून घेतला तर ते बँकेच्या शाखेत जाऊन स्लिप भरतील. खातं त्यांचं आहे, पैसे त्यांचे आहेत, त्यांची बुद्धी शाबूत आहे. त्यांच्या संमतीवाचून कोणालाही ते खातं बंद करता येणार नाही, आणि येऊही नये.

मग करायचं काय? आप्पा म्हणाले ना, कागद मला शिकवू नकोस? त्यांचं म्हणणं मान्य करा. जा आणि म्हणा, “आप्पा, त्या दिवशी मी न वाचताच बोलले. फाइल दाखवता? आपण दोघं बसून तपासू.” त्यांनी ठेवलेली फाइल व्यवस्थित असणार, पानांना क्रमांकही घातलेले असतील. तुम्ही त्यांना उत्तरं देऊ नका. प्रश्न विचारा आणि ते त्यांच्याच भाषेत विचारा.

पहिला प्रश्न हा : हे पैसे कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या कोणत्या सदरात, जमा झाले? सरकारी चलन कुठलंही असो, पैसा शासनाच्या तिजोरीत जातो, त्याला लेखाशीर्ष असतं. आता ‘ग्रास’ या राज्य शासनाच्या ऑनलाइन प्रणालीवर चलन भरलं तरी जीआरएन हा पावती क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक पडताळून बघता येतो. आप्पांनी भरलेल्या तिन्ही पावत्या काढा आणि पैसे कोणाच्या खात्यात गेले ते नाव मोठ्याने वाचा. बहुतेक वेळा ते कुठल्या तरी दूरच्या राज्यातल्या, कधी ऐकलं नाही अशा माणसाचं बचत खातं निघतं, आणि तिन्ही वेळा वेगवेगळं. लंडनच्या वकिलाची फी परराज्यातल्या एका खासगी बचत खात्यात का जावी? एखाद्या ठेकेदाराने बयाणा रक्कम आप्पांच्या कारकुनाच्या मेहुण्याच्या खात्यात भरली असती तर आप्पांनी काय शेरा मारला असता? इथे थोडं थांबा. त्यांना बोलू द्या.

मग वारसा कराचा किंवा त्यासंबंधीच्या दाखल्याचा उल्लेख फाइलमध्ये आहे का ते बघा. अशा प्रकरणांत तो हमखास असतो. भारतात मृताच्या मालमत्तेवर संपदा शुल्क होतं, ते १९८५ साली रद्द झालं. तेव्हापासून आपल्याकडे वारसा कर नाही, त्यामुळे त्याचा ना-हरकत दाखलाही नाही. आप्पा १९८५ साली नोकरीत असतील तर त्यांना आठवेलसुद्धा. दहशतवादविरोधी प्रमाणपत्र नावाचा कागद तर वारसाला कुठलंच सरकार विकत नाही. इंग्लंडमध्ये मृताच्या मालमत्तेवरचा कर, वकिलाचा खर्च, सगळं त्या मालमत्तेतून वळतं होतं. तेव्हा साधा प्रश्न : ४८ लाख पौंड पडून आहेत, तर ३,७५,००० रुपये त्यातून का वजा करत नाहीत? आप्पांनी हे ईमेलने आधीच विचारलेलं असण्याची शक्यता आहे. ‘कायद्याने तसं करता येत नाही’ असं उत्तर आलेलं असेल. ते पान शोधा आणि त्या उत्तरात कायद्याचं कलम दिलंय का, एवढंच विचारा.

आणखी एक गोष्ट आप्पांना आवडेल, कारण ती तपासता येते. इंग्लंडमध्ये वारस नसलेल्या माणसाची मालमत्ता राजसत्तेकडे जमा होते. अशा बेवारस मालमत्तांचं काम तिथल्या सरकारचा विधी विभाग बघतो. दावा करायला आडनाव जुळणं उपयोगाचं नाही. आजी-आजोबांच्या वंशवेलीपर्यंतचं रक्ताचं नातं जन्म-विवाहाच्या दाखल्यांनी सिद्ध करावं लागतं. तसंच तिथल्या सॉलिसिटरांची नियामक संस्था आहे. कोण खरा सॉलिसिटर आहे ते तिच्या संकेतस्थळावर शोधता येतं आणि खऱ्या फर्मची नावं वापरून फिरणाऱ्या तोतयांबद्दलचे इशारेही तिथेच असतात. नाव खरं निघालं तरी हुरळून जाऊ नका. भामटे मुद्दाम खरंच नाव घेतात. फोन नंबर नियामकाच्या संकेतस्थळावरून घ्यायचा, ईमेलमधला नाही.

रिझर्व्ह बँकेचं तर तिने स्वतःच अनेक वर्षं जाहीरपणे सांगितलंय : परदेशातून आलेला निधी, लॉटरी, वारसा यासाठी ती कोणाकडून पैसे मागत नाही, कोणाला असे ईमेल पाठवत नाही, आणि सामान्य माणसाचं बचत खातं तर ती ठेवतच नाही. बाहेरून पैसा यायचा असेल तर तो आप्पांच्या रोजच्या बँकेत येईल. शाखाधिकाऱ्यांना ती ईमेलची प्रत दाखवायला आप्पाच जाऊ देत, तुम्ही फक्त सोबत जा. मुलीकडून न ऐकलेली गोष्ट टेबलापलीकडच्या साहेबाकडून ऐकायला बरी वाटते. आपल्या पिढीचे वडील असेच आहेत, त्याला इलाज नाही.

एवढं झाल्यावर त्यांना सुटायला वाट द्या. त्यासाठी एक खरी हकिकत सांगते, ती आप्पांना सांगा. १९९५ ते ९८ या काळात ब्राझीलमधल्या बँको नोरोएस्ते या बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने बँकेचे जवळपास २४ कोटी डॉलर बाहेर पाठवले. कशासाठी? नायजेरियाच्या राजधानीत, अबुजाला, नवा विमानतळ व्हायचा होता त्यात गुंतवणूक म्हणून. असा विमानतळ होणारच नव्हता. समोरचा माणूस नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर म्हणून बोलत होता. तो होता इमॅन्युएल नवुडे नावाचा भामटा. आयुष्य बँकिंगमध्ये काढलेला माणूस परकीय चलनाच्या व्यवहारात असा बुडाला. दुसऱ्या एका बँकेने बँको नोरोएस्ते विकत घेण्यासाठी हिशेब तपासले तेव्हा कुठे ते बाहेर आलं, आणि नवुडेला २००५ साली शिक्षा झाली. म्हणजे हे कोणालाही होतं. डावही काही नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांना स्पेनच्या तुरुंगातून पत्रं यायची : मी श्रीमंत कैदी, माझा खजिना पुरलाय, सुटकेपुरते पैसे पाठवा, अर्धा तुमचा. १९८० च्या दशकात तेलाचे भाव पडून नायजेरियाची अर्थव्यवस्था ढासळली, तेव्हा तिथल्या काही शिकलेल्या बेकारांनी हाच धंदा टपालाने, मग फॅक्सने आणि पुढे ईमेलने चालवला. तिथल्या फसवणुकीच्या कलमावरून त्याला जगभर ४१९ हेच नाव पडलं. (यावरून पुण्यात शिकायला आलेल्या प्रत्येक आफ्रिकी मुलाकडे संशयाने बघणारे लोक मला माहीत आहेत. त्यांनी हे लक्षात घ्यावं की आज असे फोन करणाऱ्यांत आणि खाती पुरवणाऱ्यांत आपलेच देशबांधव भरपूर आहेत.)

गळही एकाच प्रकारचा नसतो. आखाती नोकरीच्या व्हिसाची फी मागतात ती पंचविशीतल्या मुलांकडे. शेतात मोबाइल टॉवर बसवतो, आगाऊ लाखो रुपये आणि दरमहा भाडं देतो, नोंदणीचे पैसे भरा, हे कोरडवाहू जमिनीच्या मालकाला. विवाह संकेतस्थळावर ओळख झालेल्या लंडनच्या डॉक्टरचं पार्सल दिल्लीच्या कस्टममध्ये अडकतं ते एकट्या बाईसाठी. ज्याला ज्याची उणीव, त्याला ते. आप्पांना पैशांची उणीव होती असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या सहीवाचून एखादं मोठं काम अडलंय असं किती वर्षांत कोणी त्यांना सांगितलं होतं, याचा विचार करून बघा.

पैसे परत मिळतील का? खोटी आशा दाखवत नाही. पैसा एका भाड्याने घेतलेल्या खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममधून बाहेर, हा प्रवास काही तासांत होतो. म्हणूनच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन केला तर रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. महिने उलटल्यावर ती फारच कमी. तरीही तक्रार कराच. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ती घरबसल्या नोंदवता येते आणि सांगलीत पोलिसांकडेही देता येईल. तीन पावत्या, सगळे ईमेल छापून न थांबता मूळ स्वरूपातही, फोन नंबर, सोबत जोडा. तक्रारदार आप्पाच असू देत, तुम्ही किंवा दादा नको. दादाला काही करायचंच असेल तर त्याने शनिवारी यावं आणि आप्पा सांगतील तसा मसुदा टाइप करून द्यावा. भाषण न करता.

तक्रारीचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला पैशांहून मोठं वाटतं. फी मिळेनाशी झाली की ही मंडळी उलटा डाव टाकतात : तुमच्या खात्यात आम्हीच थोडी रक्कम जमा करतो, ती अमुक खात्यावर पाठवा, म्हणजे फाइल पुढे सरकेल. ती रक्कम दुसऱ्या एखाद्या आप्पांची असते. ती पुढे पाठवली की तुमचे आप्पा फसलेल्यांच्या यादीतून निघून फसवणाऱ्यांच्या साखळीत जातात, खातं गोठतं आणि पोलीस दारात येतात. खात्यात अशी अनोळखी रक्कम आली तर तिला हात लावायचा नाही, बँकेला लेखी कळवायचं. आप्पांनी आधार, पॅन, पासपोर्टच्या प्रती पाठवलेल्या असणारच. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि त्यांच्या नावावर कुठे कर्ज निघालंय का ते क्रेडिट रिपोर्ट मागवून पाहा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. मोबाइल बँकिंगची रोजची मर्यादा कमी करायला ते राजी झाले तर उत्तम, पण हा विषय तक्रार दिल्यानंतर.

आप्पांना हे उमगेल त्या दिवसानंतरचे काही आठवडे जपा. बाहेर जाणं टाळणं, जेवण तुटणं, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असली भाषा, यांतलं काही दिसलं तर त्यांना एकटं सोडू नका. १४४१६ ही सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. आईंनाही सांगा की पाटल्यांचा विषय पुन्हा कधीच काढायचा नाही, थट्टेतही नाही.

फाइल मात्र रागाच्या भरात कोणी फाडू नका, ती पुरावा आहे. आणि तिला अजून काही पानं जोडावी लागतील. एकदा पैसे भरणाऱ्यांची नावं या टोळ्या एकमेकांना विकतात. काही महिन्यांत ‘सायबर विभागातून’, ‘लंडन पोलिसांकडून’ किंवा ‘वसुली वकिलाकडून’ फोन येईल की तुमचे २,२२,५०० सापडलेत, प्रक्रिया शुल्क भरा. तो आला की आप्पांनी नंबर, तारीख, वेळ आणि मागितलेली रक्कम लिहून घ्यावी, फोन ठेवावा आणि तक्रार क्रमांक देऊन पुरवणी जबाब द्यावा.